हर्षेंची रॅकेट

१

काचेचं कपाट बंद होतं, कुलूप जागच्या जागी होतं, आणि आत रॅकेट नव्हती.

हुसेनभाई हातातलं तातीचं भेंडोळं तसंच धरून कपाटासमोर उभे राहिले. १९६७ सालच्या जानेवारीतली शनिवारची सकाळ. सदाशिव पेठेतल्या सुयश मंडळाच्या बॅडमिंटन हॉलमध्ये ते आले होते ती रॅकेट न्यायला. जुनी तात काढून नवी विणायची, मुठीचं वाळलेलं कातडं बदलायचं आणि उद्या सकाळी दहाच्या फायनलआधी परत आणून द्यायची, असं ठरलं होतं. गंज पेठेतल्या त्यांच्या दुकानात वडिलांच्या काळापासून हेच काम चालत आलेलं.

ती रॅकेट दामोदर हर्षे यांची. एके काळचे देशाचे विजेते. दोन वर्षांपूर्वी वारले. १९४९ साली याच हॉलमध्ये मुलींच्या दुहेरीची फायनल पाहून ते इतके खूश झाले की आपली स्वतःची रॅकेट, मुठीवरच्या उघड्या लाकडावर सही करून, देऊन गेले. ती स्वीकारली आनंदीबाईंनी. तेव्हाच्या विजेत्या, आता मंडळाच्या अध्यक्ष आणि प्रशिक्षक. कपाटाशेजारी फोटोही होता. हर्षे रॅकेट पुढे करताहेत आणि बावीस वर्षांची आनंदी दोन्ही हातांनी घेते आहे.

त्या दुहेरीत आनंदीबाईंच्या जोडीला नसीमबानू होती. हुसेनभाईंची धाकटी बहीण. तिचा फोटो हॉलमध्ये कुठेच नव्हता. गेली अठरा वर्षं हुसेनभाई या कपाटावरून जाताना फोटोकडे बघायचं टाळत. बक्षीस समारंभाआधी बहिणीला सायकलवर बसवून घरी नेलं होतं ते त्यांनीच. अब्बांची तब्येत एकाएकी बिघडली होती. दुसऱ्या दिवशी कळलं की हर्षेंनी रॅकेट आनंदीला दिली. नसीम पुन्हा कधी हॉलवर गेली नाही. पुढे लग्न होऊन सोलापूरला गेली, चार वर्षांत नवरा गेल्यावर परत आली, आणि तेव्हापासून दुकानामागच्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या रॅकेटी विणत होती.

"आपण रॅकेट न्यायला आलात," मागून चिटणीस श्रीनिवासरावांचा आवाज आला, "पण कुणीतरी आपल्याही आधी नेली. तत्परता वाखाणण्यासारखी आहे."

"पोलिसांना कळवलंत?"

"उद्या फायनल आहे. हॉलमध्ये पाहुणे येणार की हवालदार?" श्रीनिवासरावांनी चष्मा पुसला. "माझ्यापुरता निकाल लागलेला आहे. ती वापरायची कुणाला होती? मैनाला. संध्याकाळी सहापर्यंत रॅकेट कपाटात आली नाही, तर मैना उद्या खेळणार नाही. विजयमालाला विजयी घोषित करू."

२

भांडण गुरुवारच्या सभेत सुरू झालं होतं, आणि हुसेनभाई तिथे हजर होते.

मैना कर्वेनगरच्या मळेकऱ्याची मुलगी. पहाटे बापाबरोबर मंडईत भाजी उतरवायची आणि तिथून हॉलवर यायची. आनंदीबाईंनी तिला जुन्या, वजनदार रॅकेटवर शिकवलं होतं, आणि सेमीफायनलमध्ये तीच रॅकेट चिरली. हलक्या रॅकेटींवर तिचा हात बसेना. तसल्या वजनाची दुसरी एकच होती. काचेतली.

"बाई, ती वापरू का?" तिने भर सभेत विचारलं होतं. "नुसती पडूनच हाय की."

श्रीनिवासराव उसळले होते. "पडून? ती जपलेली आहे! एक जोराचा फटका आणि अठरा वर्षांपूर्वीचं लाकूड दुभंगेल. घाम लागून सही जाईल ती वेगळीच. मग काचेत काय ठेवायचं, तुकडे?"

हुसेनभाईंना विचारल्यावर त्यांनी कपाटात वाकून पाहिलं आणि सांगितलं, "लाकूड ठीक आहे. तात जरा ढिली विणली तर चालेल. पण मुठीचं कातडं सोलून नवं घालावं लागेल."

"कातडं राहू द्या," आनंदीबाई लगेच म्हणाल्या होत्या. "तात तेवढी बदला."

"वाळलंय, बाई. हातात फिरेल, पोरीचं मनगट जाईल."

मग मतं पडली, रॅकेट वापरायची ठरली.

आता शनिवारी सकाळी मैना हॉलच्या पायरीवर बसली होती. डोळे लाल. पिशवी उलटी करून समोर टाकलेली. त्यात टॉवेल, बूट आणि भाकरीचा डबा.

"त्यांनी झडती घेतली," ती म्हणाली. "मी म्हनलं घ्या. चाचा, मला ती उद्या मिळनारच व्हती. मिळनारी वस्तू मी कशाला चोरू?"

हुसेनभाई परत आत गेले आणि त्यांनी श्रीनिवासरावांना कपाट उघडायला सांगितलं. किल्ली सूचनाफलकामागच्या खिळ्याला होती.

"ही इथे असते हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"मंडळाच्या सगळ्या सभासदांना. आणि बहुधा समोरच्या दूधवाल्याला."

काचेवर, दाराच्या कडेला, पांढुरक्या पावडरीचे चार बोटांचे ठसे होते. घाम येऊ नये म्हणून तळहाताला पावडर लावून खेळणारी मंडळात एकच मुलगी होती.

३

विजयमाला सरावाला आली तशी हुसेनभाईंनी तिला बाजूला घेतलं. डॉक्टरांची मुलगी, आनंदीबाईंची पहिली शिष्या. मैना येईपर्यंत लाडकीसुद्धा.

"काल कपाट उघडलंस?"

ती मान ताठ करून म्हणाली, "हो. उघडलं. पण नेली नाही."

"मग?"

"हातात धरून बघितली." तिचा आवाज चिरका झाला. "सात वर्षं मी बाईंना विचारतेय, एकदा धरू द्या म्हणून. नाही म्हणजे नाही. आणि ती मंडईतून चिखलाच्या पायांनी येते, एकदा विचारते, की लगेच सभा! मला वाटलं, रविवारी ती माझ्याशी याच रॅकेटने खेळणार. निदान तिच्याआधी माझा हात लागू दे. दोन मिनिटं धरली आणि ठेवून दिली. कुलूपही लावलं. खरं सांगू? मोडून टाकावीशी वाटली होती."

"मग मोडली का नाहीस?"

"हर्षेंची आहे हो ती."

हुसेनभाईंना ती खरं बोलत असल्यासारखी वाटली. मोडावीशी वाटल्याचं चोर सहसा आपणहून सांगत नाही.

"कशी वाटली हातात?"

"विचित्र." विजयमालाने रिकामा हात तशी रॅकेट धरल्यासारखा केला. "अंगठा बसतो ना मुठीवर, बरोब्बर त्याच्याखाली उंचवटा लागला. कातड्याला जोड असल्यासारखा. हर्षे अशी रॅकेट घेऊन कसे खेळत असतील?"

हर्षेंच्या रॅकेटी अब्बांच्या दुकानात येत. मुठीला जोड दिलेलं कातडं हर्षेंनी अब्बांच्या अंगावर फेकून दिलं असतं.

४

ते परत कपाटाशी आले. तळाला मखमल होती, मूळची डाळिंबी. अठरा वर्षांच्या उजेडाने ती गवतासारखी पिवळट झाली होती. फक्त रॅकेटच्या आकाराचा तुकडा तसाच गडद राहिला होता. त्यातही मुठीचं कातडं टेकत होतं तिथे तेलाचा काळा डाग पडलेला.

हुसेनभाईंनी डागावर बोटं ठेवून मोजलं. कातडं संपल्यापासून लोखंडी दांडीपर्यंत उघडं लाकूड जेमतेम दोन बोटं. ते त्यांना आठवतही होतं. सही कातड्याच्या कडेला अगदी चिकटून असे.

मग त्यांनी भिंतीवरचा फोटो काढला, खिडकीशी नेला आणि तात तपासायचं भिंग डोळ्याला लावलं. फोटोतल्या रॅकेटला उघडं लाकूड त्याच्या दुप्पट होतं. सही दांडीच्या बाजूला, वर. सही आणि कातडं यांच्यामध्ये मोकळी जागा. मोकळी नव्हे. तिथे काहीतरी काळपट होतं, शाईच्या ओळीसारखं. वाचता येत नव्हतं.

म्हणजे हर्षेंनी रॅकेट दिली तेव्हा त्या जागी काही लिहिलेलं होतं. आणि ती कपाटात आली तेव्हा त्यावर कातड्याचा जोड चढलेला होता.

"श्रीनिवासराव, फोटो काढल्यावर रॅकेट लगेच कपाटात ठेवली होती?"

"छे. कपाट मागाहून करवलं. महिनाभर आनंदीबाईंच्या घरीच होती."

"आणि कपाटाच्या खालच्या खणात लाकडी चाप असायचा ना? पावसाळ्यात रॅकेट वाकू नये म्हणून चार स्क्रूंनी आवळायचा?"

श्रीनिवासरावांनी खण उघडला. खण रिकामा होता.

"तोही नेला! बघा, किती निर्ढावलेली पोरगी."

"मैनाला उद्या खेळायचं होतं. एका दिवसासाठी चाप कशाला? विजयमालाने रागाच्या भरात उचलली असती तर तिने कशाला जपली असती? ज्याने चाप नेला त्याला रॅकेट वर्षानुवर्षं नीट राहायला हवी आहे, पण कुणाच्या नजरेला पडायला नको आहे."

"जपायची तर मलाही होती," श्रीनिवासराव घुश्शात म्हणाले. "संशय घ्यायचा असेल तर उघड घ्या."

"तुम्हाला ती लोकांना दाखवायची असते, चिटणीस. लपवलेली रॅकेट तुमच्या काय कामाची?"

हुसेनभाईंनी फोटो बगलेत मारला आणि चपला घातल्या. गुरुवारी कातड्याचा विषय निघाल्यावर 'राहू द्या' एकच व्यक्ती म्हणाली होती.

५

आनंदीबाईंचं बिऱ्हाड हॉलपासून चार मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर. एकट्याच राहत. दार उघडून त्यांनी हुसेनभाईंकडे पाहिलं, मग बगलेतल्या फोटोकडे.

"या. चहा टाकते."

"चहा नको, बाई. कातड्याखाली काय आहे?"

आनंदीबाई खुर्चीत बसल्या. खाली रस्त्यावर स्कूटर सुरू होत नव्हती, कुणी तरी पुन्हा पुन्हा किक मारत होतं.

"तुम्ही नसीमला घेऊन गेलात," शेवटी त्या म्हणाल्या, "आणि हर्षे व्यासपीठावर आले. रॅकेट माझ्यापुढे धरली आणि हळूच म्हणाले, 'तुझ्या जोडीदारणीला दे.' तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. फोटो निघाला. सगळ्यांना वाटलं मला दिली. मी म्हटलं, उद्या सांगू. उद्या नसीमकडे नेऊन देऊ."

"मग?"

"घरी येऊन वाचलं." त्यांनी तळहात गुडघ्यांवर घासले. "हुसेनभाई, मागून स्मॅश मी मारायचे. धावायचे मी. पेपरात नाव माझं. आणि ती नेटजवळ नुसतं मनगट हलवायची, की सगळा हॉल 'अहाहा' करायचा. मला कुणी कधी 'अहाहा' केलं नाही. मला फक्त गुण मिळाले. त्या माणसाने तासभर दोघींना पाहिलं आणि रॅकेट तिला दिली. मला सहन झालं नाही. चपलेच्या दुकानातून कातड्याची पट्टी आणली आणि लिहिलेलं झाकून टाकलं. वाटलं, ती विचारायला येईल, तेव्हा देईन. ती आलीच नाही."

"तिला वाटलं, आपण कमी पडलो."

"माहीत आहे."

"खेळ सोडला तिने, बाई."

"तेही माहीत आहे. म्हणून तर रॅकेट काचेत ठेवली. घरात बघवेना." त्या उठल्या. "जाळून टाकता आली असती. तेही जमलं नाही."

त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढली. साड्यांच्या खाली, चापात नीट आवळलेली, रॅकेट होती. हुसेनभाईंनी ती घेतली. आत्ताच्या आत्ता हॉलवर जावं आणि सगळ्यांसमोर या बाईला उभं करावं असं त्यांच्या मनात आलं. पण रॅकेट त्यांची नव्हती, आणि अपमानही त्यांचा नव्हता.

"सहाच्या आत चिटणीसांना सांगा की मैनाने चोरी केलेली नाही," ते म्हणाले. "बाकीचं नसीम ठरवेल."

६

नसीमबानू मागच्या खोलीत एका कॉलेजच्या मुलीची रॅकेट विणत होती. हुसेनभाईंनी चाप सोडवला, सुरीने जोडाचं कातडं अलगद उचललं आणि काही न सांगता मूठ तिच्या पुढ्यात धरली.

निळी शाई काळवंडली होती, पण अक्षर न् अक्षर शाबूत होतं.

'नसीमबानूस. नेटजवळ तू माझ्यापेक्षा चांगली.'

तिने एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं, ओठ हलवत. हुसेनभाईंनी हळूहळू सगळी हकिगत सांगितली. ती रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती रडली नाही.

"आता ही कुणाला मिळणार नाही," ती म्हणाली. "माझ्या पेटीत राहील."

"मैनाला उद्या..."

"कोण मैना? मला कुणी रॅकेट आणून दिली होती का, भाईजान? आनंदी शिकवते त्या पोरीला. आनंदीचीच ना ती? मग खेळू दे हलक्या रॅकेटने आणि हरू दे."

हुसेनभाई बाहेर येऊन गिऱ्हाईक बघू लागले. आपण तिला काही समजावण्याच्या लायकीचे नाही, असं त्यांना वाटत राहिलं. तासाभराने आतून कात्रीचा आवाज आला, कट्, कट्, मधल्या तातीपासून कडेकडे, चौकट वाकू नये अशा बेताने. मग तिची हाक आली.

"नवी तात कुठे ठेवलीय? आणि चांगलं कातडं दे. मूळ मापाचं."

७

रविवारी पावणेदहाला हॉल भरलेला होता. श्रीनिवासरावांनी माईक घेतला, पण आनंदीबाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"ही रॅकेट माझी नव्हती," त्या म्हणाल्या. "हर्षेंनी ती नसीमबानूला दिली होती. मी ती ठेवून घेतली. परवा लपवली तीही मीच. मैनाचा आणि कुणाचाच यात काही दोष नाही." एवढंच. कारण त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायचा धीर कुणाला झाला नाही. विजयमालाने मात्र आपल्या गुरूकडे असं पाहिलं की आनंदीबाईंनी मान वळवली.

दारात नसीमबानू उभी होती. अठरा वर्षांनी. पदर कमरेला खोचलेला, हातात रॅकेट.

"मैना कोण?" तिने विचारलं.

मैना पुढे झाली.

"चार फुलं मार माझ्याकडे. तात बघू दे."

मैनाने हलक्या हाताने पहिलं फूल टाकलं. नसीमबानूने मनगट किंचित वळवलं. फूल नेटच्या पट्टीला पुसटसं घासून पलीकडे, मैनाच्या पायाशी, पडलं. मैना हललीसुद्धा नव्हती. दुसऱ्या फुलावर ती धावली, तरी पोचली नाही. तिसऱ्यावर हॉलमधून कुणाच्या तरी तोंडून आपसूक "अहाहा" निघालं. हुसेनभाईंनी आनंदीबाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

चौथं फूल झाल्यावर नसीमबानूने नेटवरून रॅकेट मैनाच्या हातात दिली. मैनाने मूठ धरली, अंगठा ठेवला आणि लगेच उचलला.

"हितं तर लिवलंय, मावशी. माझ्या घामानं पुसंल की."

"पुसू दे," नसीमबानू म्हणाली. "मी वाचलंय."

"अहो, निदान वरून एखादी पट्टी..." श्रीनिवासराव कळवळून पुढे झाले.

"पट्टी पुरे झाली, साहेब."

मॅच तीन गेमची झाली. विजयमाला जिद्दीने खेळली, पहिला गेम तिने घेतलाही. दुसऱ्यात मैनाला रॅकेटचं वजन सापडलं. तिसऱ्यात दहा-दहा असताना तिने उंच आलेलं एक फूल दोन्ही पाय जमिनीवरून उचलून असं हाणलं की श्रीनिवासरावांनी लाकूड फुटल्याच्या भीतीने कानांवर हात ठेवले. लाकूड फुटलं नाही. विजेतीचं बक्षीस घेताना मैनाने रॅकेट उलटी करून पाहिली. शाईची निळी रेघ तिच्या अंगठ्यावर उतरली होती. 'नसीमबानूस' एवढं कसंबसं दिसत होतं.

लोक पांगल्यावर आनंदीबाई नेटच्या पलीकडे येऊन उभ्या राहिल्या. हुसेनभाई खुर्च्या सरकवायचं निमित्त करून जवळच थांबले.

"नसीम, मी..."

"माफीबिफी मागू नकोस. मला अजून राग आहे. पुष्कळ दिवस राहील." नसीमबानू वाकून कोर्टवरची पिसं उचलत होती. "काल भाईजानने आणलेला तुझा फोटो बघत होते. अजून तशीच धावतेस?"

"गुडघा दुखतो."

"बरं झालं." तिने पदर सोडून खांद्यावर घेतला. "सोमवारी संध्याकाळी हॉल रिकामा असतो ना? ये. रॅकेट मी आणते, फुलं तू आण."

"जोडीने खेळायचं?" आनंदीबाईंनी विचारलं.

"जोडीने कशाला?" नसीमबानू दाराकडे निघाली होती. "समोर उभी राहा."